दाढी राखणाऱ्यांच्या बाजूने

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत कोपऱ्यात एक छोटी चौकट होती, दाढीची फॅशन आता उतरणीला लागली, पोरं परत गुळगुळीत गालांकडे वळून राहिली अशा अर्थाची, आणि खाली सल्ला की ऑफिसात नीटनेटकं दिसायचं असेल तर रोज सकाळी दाढी करावी. वाचता वाचता चहा गार झाला माझा. मी नागपुरातल्या एका शाळेत २४ वर्षं झाली चित्रकला शिकवते, राहायला मानेवाड्याला, पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. पण हा विषय माझा आहे हो. मी दाढ्या लोकांसारख्या नुसत्या बघत नाही, काढते, खडूने, पेन्सिलने, बोटाने घासून, आणि एवढ्या वर्षांत एक पक्कं समजलंय की ज्यांना आपण मोठी माणसं म्हणतो त्यातल्या कितीतरी जणांचा चेहरा दाढीशिवाय उभाच राहत नाही.

आमच्या शाळेत गेटमधून आत आल्या आल्या एक मोठा काळा फळा आहे. जयंती-पुण्यतिथी आली की आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्टूल घेऊन तिथं चढते आणि रंगीत खडूने त्या त्या थोर माणसाचं चित्र काढते, म्हणजे सकाळी प्रार्थनेला पोरं आली की समोर तो चेहरा. फलकलेखन म्हणतात याला, महाराष्ट्रातल्या सगळ्या चित्रकला शिक्षकांना ठाऊक आहे. आता वर्षाचं कॅलेंडर नजरेसमोर आणा. १९ फेब्रुवारी शिवाजी महाराज. लगेच २३ ला गाडगेबाबा. ११ एप्रिल जोतिबा फुले. १८ एप्रिल महर्षी कर्वे. ११ सप्टेंबर विनोबा, २२ सप्टेंबर कर्मवीर भाऊराव पाटील. सगळे दाढीवाले! आणि एकाची दाढी दुसऱ्याला लावून बघा, माणूसच बदलतो. फुल्यांची आखूड, चेहऱ्याबरोबर चालणारी. कर्व्यांची पांढरी, जवळून कातरलेली, १०४ वर्षं जगलेल्या माणसाची शांत दाढी. कर्मवीरांची छातीवर रुळणारी, खांद्यावर घोंगडी आणि पुढे ती दाढी, १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढून खेड्यापाड्यातली पोरं शाळेत आणणारा हा माणूस लांबून आजोबाच वाटायचा पोरांना. आणि गाडगेबाबांची विस्कटलेली, कधी कंगवा न लागलेली, अंगावरच्या चिंध्यांशी आणि हातातल्या खराट्याशी जमणारी. गाडगेबाबांची दाढी नीट विंचरलेली काढली ना की मुलं म्हणतात मॅडम हे दुसरेच कोणीतरी वाटून राहिले.

महाराजांच्या दाढीबद्दल जरा जास्त सांगते कारण तिथं माझा जीव गुंतलाय. काळ्या फळ्यावर काळी दाढी कशी काढायची? पहिल्या वर्षी मी काळ्या रंगाच्या खडूने घासत बसले, सगळा चिखल झाला. मग आमच्या शाळेतून रिटायर होत असलेले जुने सर आले, त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाले, बाई, महाराजांची दाढी काढायची नसते, सोडायची असते. गालावर उजेड घासत यायचं, जबड्याच्या कडेपर्यंत, तिथं थांबायचं, खाली गळ्याचा उजेड परत सुरू करायचा, मधली जी जागा फळ्याचीच काळी राहते ती दाढी, आणि हनुवटीच्या खाली तिला टोक. ते टोक जमलं की महाराज. जरा बोथट झालं की जिरेटोप घातलेला कुणीतरी सरदार. शेवटी दोन-चार राखाडी रेघा, बस्स. गेली २४ वर्षं मी तसंच करते आणि दर १८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ते टोक सोडताना माझा हात थरथरतो, खरं सांगते.

ही दाढी आपल्याला माहीत आहे तीही कुणाच्या तरी मेहनतीने बरं का. एक काळ होता जेव्हा पुस्तकांमधून महाराज म्हणून भलत्याच माणसाचं चित्र छापलं जायचं, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांमधलं अस्सल चित्र शोधून पुढे आणलं तेव्हा कुठे आपल्याला ते धारदार नाक आणि ती टोकदार दाढी दिसली. तशीच जुनी चित्रं आज अॅमस्टरडॅमच्या रायक्स म्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आता महालात, सक्करदऱ्यात, कुठेही जा, शिवजयंतीच्या मिरवणुकीत शंभरातल्या कितीतरी पोट्ट्यांच्या हनुवटीवर तेच टोक दिसते. लोक हसतात कधी कधी त्यांना, मला नाही हसू येत. बावीस वर्षांचा पोरगा रोज आरशात बघून आपल्या हनुवटीवर महाराजांची खूण जपतो, यात वाईट काय आहे?

आणि शिवा काशीद आठवा. १६६० चा जुलै, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, महाराज निसटले आणि महाराज म्हणून पालखीत बसून शत्रूच्या हाती गेला तो शिवा काशीद, नाभिक समाजातला, चेहऱ्याने महाराजांसारखा. लोकांच्या दाढ्या करणाऱ्या घरातला माणूस, स्वतःच्या चेहऱ्यावर राजाची दाढी घेऊन मरायला गेला. हे वर्गात सांगताना मला दरवेळी थांबावं लागतं. आणि सहा वर्षांनी आग्र्याहून सुटल्यावर महाराजांनी वेष पालटण्यासाठी दाढी-मिशा उतरवल्या असं सांगतात. म्हणजे एकदा ती दाढी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर होती म्हणून राजा वाचला आणि एकदा स्वतःच्या चेहऱ्यावर नव्हती म्हणून.

आपल्या भाषेतली एक गंमत मला फार आवडते. आपण दाढी "करतो" म्हणजे ती काढून टाकतो, आणि ती असू द्यायची असेल तर दाढी "राखतो". राखण आपण कशाची करतो हो? उभ्या ज्वारीची, रानाची, शब्दाची, मानाची. आमच्या आजीकडे, वर्ध्याजवळ, गावात रात्री शेत राखायला माणूस जायचा त्याला राखणदार म्हणायचे. दाढीला तोच शब्द लावणाऱ्यांना ती काय वस्तू आहे हे बरोबर कळलेलं होतं.

वर्ध्याचा विषय निघाला तर पवनार आलंच. आजोबा मला लहानपणी धाम नदीच्या काठी आश्रमात न्यायचे. विनोबांना मी फार लहानपणी, लांबून बघितलं, आठवण म्हणून फक्त एक पांढरा पुंजका आहे, उन्हात बसलेला. चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही, दाढी आठवते. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू केल्यावर हा किडकिडीत माणूस वर्षानुवर्षं देशभर पायी चालला, आजोबा सांगायचे की धुळीने ती दाढी गावागणिक रंग बदलायची, काळ्या मातीत करडी, लाल मातीत तांबूस. खरंखोटं आजोबांना माहीत. १५ नोव्हेंबर १९८२ ला ते गेले तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नव्हती. विनोबांची दाढी काढायला मी खडू आडवा धरते, पाण्यात बुडवून, कारण ओला खडू वाळला की जास्त पांढरा दिसतो, आणि वरून खाली एकाच दमात ओढते. मग डस्टरच्या कोपऱ्याने तीन-चार ठिकाणी फोडते, म्हणजे मधून फळा दिसतो आणि केसांना वारा लागल्यासारखं होतं.

रवींद्रनाथांची काढणं त्याहून अवघड. तिथं डोक्याचे केस कुठे संपले आणि दाढी कुठे सुरू झाली ते कळतच नाही, सगळा एकच प्रवाह. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या मुलांना मी लिओनार्दोचं एक चित्र दाखवते, लाल खडूतलं, म्हाताऱ्या माणसाचा चेहरा, इटलीत तुरीनला ठेवलंय, ते त्याचं स्वतःचंच असं बहुतेक जण मानतात. त्यातली दाढी बघा, वळणं घेत घेत उतरते. लिओनार्दोने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय की पाण्याचा प्रवाह केसांसारखा वळतो. पाचशे वर्षांपूर्वी! मी मुलांना सांगते दाढी म्हणजे रेघोट्या नाहीत रे, नदी आहे, आधी तिचा उतार बघा, मग केस काढा. आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन, पांढरीशुभ्र दाढी, अनवाणी पाय, हातात लांब ब्रश, त्या माणसाचा फोटो म्हणजे आधीच काढून ठेवलेलं चित्र.

दाढीचा मान नुसता साधुसंतांचाच असं नाही. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, अगदी थोडक्या मतांनी, त्या सभागृहात आमची ती पारशी पांढरी दाढी बसली. वासुदेव बळवंत फडक्यांचा तुरुंगातला फोटो बघा, बेड्या आणि दाढी, डोळे असे की बघवत नाही. आमच्या नागपुरात प्रत्येक तिसऱ्या ऑटोत ताजुद्दीन बाबांचा फोटो असतो, कामठीला जन्मलेले, १९२५ मध्ये गेले, ताजबागला आजही हिंदू-मुसलमान सगळे जातात, त्या फोटोतला दाढीतला चेहरा बघून ऑटोवाला गाडी सुरू करतो. रामटेकला जन्मलेले गोळवलकर गुरुजी, तिकडे जर्मनीतले कार्ल मार्क्स, विचारांची दोन टोकं, आणि दोघांनाही नुसत्या केस आणि दाढीच्या बाह्यरेषेवरून माझी नववीची पोरं ओळखतात. मार्क्स तर शेवटच्या दिवसांत आजारपणात अल्जीयर्सला गेले होते, १८८२ साली, तिथं ती दाढी उतरवण्याआधी त्यांनी मुद्दाम फोटो काढून घेतला आणि आपले मित्र एंगल्स यांना तसं पत्र लिहून कळवलं. त्यांनाही माहीत होतं की जग आपल्याला कशाने ओळखणार आहे.

पण दाढीच्या बाबतीत जगातलं सगळ्यात गोड पत्र एका ११ वर्षांच्या मुलीचं आहे, आणि म्हणूनच आज मला पत्र लिहावंसं वाटलं असेल. ग्रेस बेडेल नावाची, न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टफील्ड गावची. ऑक्टोबर १८६०, अमेरिकेत निवडणूक चालू, तिने अब्राहम लिंकनना लिहिलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, तुम्ही दाढी ठेवा, छान दिसाल, बायकांना दाढी आवडते, त्या आपापल्या नवऱ्यांना तुम्हाला मत द्यायला लावतील. लिंकननी चार दिवसांत उत्तर दिलं, विचारलं की आजवर कधी ठेवली नाही, आता ठेवली तर लोकांना ते खुळचट नाही का वाटणार? आणि ठेवली! फेब्रुवारी १८६१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घ्यायला रेल्वेने जाताना गाडी वेस्टफील्डला थांबली, त्यांनी गर्दीतून त्या मुलीला बोलावून घेतलं आणि दाढी दाखवली. आज लिंकन म्हटलं की जी मिशी नसलेली दाढी डोळ्यासमोर येते ती त्या पोरीची आहे. दरवर्षी सहावीला मी ही गोष्ट सांगते आणि मुली ताठ बसून ऐकतात.

आता जरा रागाचं. माझा मोठा मुलगा, इंजिनिअर झाला, दोन वर्षं झाली चांगली भरीव दाढी, नीट कापलेली, मानेची लाईन साफ, अंगावर इस्त्रीचा शर्ट. एका कंपनीत इंटरव्ह्यूला शेवटच्या फेरीपर्यंत गेला तर फोन आला की उद्या क्लीन शेव्ह करून या, आमच्याकडे प्रोफेशनल लुक लागतो. पोरगा काही बोलला नाही. सकाळी बाथरूममधून बाहेर आला तर माझ्या पोटात कसंसंच झालं, नववीतला वाटत होता, गालावर ब्लेडचे दोन काप, हनुवटी पांढरीफटक, बाकी चेहरा नागपूरच्या उन्हाने रापलेला, दोन रंगांचा चेहरा. "आई, काहून अशी बघून राहिली?" म्हणाला आणि आरशाकडे पाठ करून टाय बांधली. नोकरी लागली, आनंद झालाच, पेढे वाटले. पण मला त्या कंपनीच्या लोकांना विचारायचंय की त्या दाढीने कोणता हिशेब चुकणार होता? व्हॅन गॉगने १८८९ मध्ये आईच्या वाढदिवसासाठी स्वतःचं बिनदाढीचं चित्र काढून पाठवलं होतं, दाढीतली त्याची इतकी चित्रं आहेत आणि आईसाठी मात्र गुळगुळीत. मी त्याच्या आईच्या जागी असते ना, तर म्हटलं असतं बाळा, तुझी ती तांबडी दाढीच पाठव.

जिथं कारण आहे तिथं माझं काही म्हणणं नाही. आगीत शिरणाऱ्या जवानाचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, दाढीतून धूर आत जाऊ शकतो, तिथं जीव मोठा. पण कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याला कोणता मास्क घालायचाय? आणि हे नियम किती बदलतात बघा. ब्रिटिश सैन्यात १९१६ पर्यंत ओठावर मिशी ठेवणं सक्तीचं होतं, काढली तर शिक्षा. आपल्या नौदलात आजही दाढी ठेवता येते आणि त्या पांढऱ्या युनिफॉर्मवर किती रुबाबदार दिसते. रशियाचा झार पीटर १६९८ मध्ये युरोप फिरून आला आणि स्वतःच्या हाताने सरदारांच्या दाढ्या कापत सुटला, पुढे दाढीवर टॅक्स बसवला, श्रीमंत व्यापाऱ्याला वर्षाला १०० रुबलपर्यंत, पैसे भरले की तांब्याचं नाणं मिळायचं, त्याच्यावर नाक, मिशी आणि दाढी कोरलेली, ते जवळ बाळगायचं. लोकांनी पैसे भरले पण दाढी ठेवली! तो टॅक्स १७७२ ला गेला. पीटरपेक्षा दाढी टिकली.

आकर्षणाबद्दल पण बोलू द्या, बाईने यावर बोलू नये असं काही नाही. आमचे हे लग्नात गुळगुळीत होते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सलून बंद, जूनच्या शेवटी सरकारने उघडायला दिले तेही फक्त कटिंगला, दाढीला परवानगी नव्हती, आठवतं का? तीन-साडेतीन महिन्यात ह्यांच्या चेहऱ्यावर मिठा-मिऱ्याची दाढी आली आणि मला वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ह्यांचा जबडा दिसला, म्हणजे होता तिथेच होता पण दाढीने त्याला कड दिली. मीच म्हटलं राहू द्या. तेव्हापासून आहे. श्रावणात तर आमच्या गल्लीत सगळेच राखतात, पोळा झाला की मारबतीच्या दिवशी सलूनसमोर रांग लागते आणि संध्याकाळपर्यंत सगळे परत ओळखीचे आणि जरा फिके होऊन जातात. आमचे हे रांगेत नसतात याचं मला बरं वाटतं.

तुमच्या चौकटीत म्हटलंय तशी लाट येते-जाते हे खरं आहे, आणि त्याचं कारणही सापडलंय. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ मध्ये बायकांना वेगवेगळ्या वाढीचे फोटो दाखवले, त्यात साधारण दहा दिवसांचे दाट खुंट सगळ्यात आवडले, आणि पूर्ण दाढीवाला हा चांगला बाप होईल असं जास्त वाटलं. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं की आजूबाजूला दाढ्या कमी असल्या की दाढी जास्त उठून दिसते, सगळ्यांनीच ठेवली की गुळगुळीत चेहरा आवडायला लागतो. म्हणजे आता जर पोरं खरंच गुळगुळीत व्हायला लागली असतील तर ज्यांनी राखली त्यांचे दिवस आले म्हणायचे! क्रिकेटमध्येच बघा, डब्ल्यू. जी. ग्रेस त्या छातीभर दाढीसकट पन्नाशी गाठेपर्यंत कसोटी खेळले, मग कित्येक दशकं गुळगुळीत बॅट्समन, आणि आता विराट कोहली, जडेजा. जामठ्याला मॅच असली की स्टँडमध्ये निम्मी पोरं विराटच्याच कटमध्ये. राजकारणात पण तेच, मोदींची २०२०-२१ मध्ये वाढलेली दाढी, राहुल गांधींची २०२२ च्या पदयात्रेतली, एकनाथ शिंदेंची तर कायमचीच, पक्ष कोणताही असो लोकांनी आधी दाढीवर चर्चा केली.

माझ्या दहावीच्या पोरांसाठी इथं दोन शब्द लिहायचेत, कारण ती मला येऊन विचारतात, आईबापांना विचारत नाहीत. गालावर विरळ आहे म्हणून रडू नका. दाढी हार्मोनवर येते, आणि केसांची मुळं त्याला किती दाद देतात ते घराण्यावर असतं, काहींची पंचविशी आली तरी भरत राहते. रोज ब्लेड मारल्याने दाट येत नाही, कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून जाड वाटतं एवढंच. आणि ते मिनॉक्सिडिल मित्राचं बघून गालाला चोपडू नका, ते डोक्यावरच्या टकलासाठीचं औषध आहे, डॉक्टरला न विचारता नाही. आत्ता जी आहे ती धुवा, खोबरेल तेलाचे दोन थेंब, कंगवा, झालं.

आणि सलूनमध्ये जा. महालात एक जुनं कटिंगचं दुकान आहे, भिंतीवर संत सेना महाराजांचा फोटो, त्याला रोज ताजा हार, खाली तुरटीचा खडा वाटीत. मुलाला दाढी आली तेव्हा मी त्याला घेऊन गेले होते, बाकावर बसून बघत होते. काकांनी आधी कंगवा घालून दाढी उलटी उभी केली, डोकं जरा मागे टाकलं, कंठाच्या उंचवट्यावर दोन बोटं आडवी ठेवली आणि म्हणाले, "याच्या खाली काही ठेवायचं नाही बाप्पा, याच्या वर सगळं तुझं." मग अर्धं ब्लेड वस्तऱ्यात घालून कानापासून हनुवटीकडे एक रेघ मारली, न थांबता, मी २४ वर्षं रेघा मारते आहे पण अशी नाही जमायची मला. नंतर गालावर. जिथं रेघ गेली तिथं चेहऱ्याला आकार आला, पोरगा आरशात बघत होता आणि त्याची मान आपोआप सरळ झाली. शेवटी तुरटी, थंड पाण्याचा फवारा, टॉवेल झटकला. काका म्हणाले पोट्ट्यांना वाटते दाढी ठेवली की दुकानात यायची गरज नाही, पण काढायला दहा मिनिटं लागतात, ठेवायला वीस. हा माणूस दिवसाला वीस-पंचवीस चेहरे घडवतो, त्याला आपण कलाकार का म्हणत नाही मला समजत नाही.

तर संपादक साहेब, माझी विनंती अशी आहे. सप्टेंबरचा पहिला शनिवार हा जगभर दाढी दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी तुमच्या पुरवणीचं एक पान विदर्भाच्या दाढ्यांना द्या. गाडगेबाबा द्या, विनोबा द्या, ताजुद्दीन बाबा द्या, आणि त्यांच्याबरोबर संत्रा मार्केटमधला हमाल, बर्डीवरचा पुस्तकवाला, पहाटे तर्री-पोह्याच्या गाडीवर उभा असलेला दाढीवाला, आणि महालातले ते काका, त्यांना स्वतःला हातभर पांढरी दाढी आहे हे सांगायचं राहिलंच. रोज दाढी करायचा सल्ला त्या पानावर नको.

त्याच आठवड्याच्या मागेपुढे ११ सप्टेंबर येते, विनोबा जयंती. मी १० तारखेला साडेपाचनंतर फळ्यासमोर असेन, पांढऱ्या खडूचे दोन डबे बर्डीवरून आणून ठेवलेत. तुमचा फोटोग्राफर पाठवलात तर दाढी त्याच्यासमोर काढीन. खडू पाण्यातून काढला की लगेच ओढावा लागतो, त्यामुळे त्याने वेळेवर यावं.

आपली वाचक,
एक चित्रकला शिक्षिका
मानेवाडा, नागपूर